ताटसाहेबांच्या अळ्या

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं एका तंत्रविद्यालयाच्या वसतिगृहाची खानावळ सांभाळली. कागदोपत्री त्यांचं पद 'भोजनगृह व्यवस्थापक' असं होतं, पण मुलं त्यांना 'ताटसाहेब' म्हणायची. पाठीमागे, अर्थात. तोंडावर कुणी काहीच म्हणायचं नाही, कारण तोंडातला घास गिळल्याशिवाय बोलायची परवानगी नव्हती.

ताटं विसळायच्या खिडकीपाशी एक उंच स्टूल होतं. त्यावर बाबा बसायचे. जेवण झालं की प्रत्येकाने आपलं ताट त्यांच्यासमोर तिरकं धरून दाखवायचं. भाताचं शीत, भाजीची फोड, काहीही उरलेलं दिसलं की बाबा नुसती हनुवटी हलवायचे आणि तो मुलगा मुकाट्याने परत जागेवर जाऊन बसायचा. ओरडणं नाही, दंड नाही, मारणं तर नाहीच. ताट स्वच्छ होईपर्यंत फक्त बसायचं. या पद्धतीचा बाबांना फार अभिमान होता. "मी कुणाला एक शब्द बोललो नाही कधी," असं ते निरोपसमारंभातही म्हणाले, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी नजर खाली घातली.

घरीही कायदा तोच होता, फक्त स्टूल नव्हतं. आठ वर्षांची असताना मी एकदा भोपळ्याच्या भाजीसमोर दुपारी चारपर्यंत बसले होते. ती भाजी थंड झाल्यावर कशी दिसते हे मी आजही डोळे मिटून सांगू शकते. लोकांना वाटतं, बाबांनी लहानपणी उपासमार बघितली असणार. छे! ते किराणा दुकानदाराचे एकुलते एक चिरंजीव. त्यांचे लहानपणचे फोटो बघा, गाल फ्रेममध्ये मावत नाहीत. त्यांचं एकच ठाम मत होतं: न आवडणं असं काही नसतं, भूक लागली की माणूस खातो. ते मत कुठून आलं हे आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारायची छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल लावलं. मीठ लिहिलेल्या डब्यात मीठ आहे हे आईला आधीपासून माहीत होतं, पण आता ते तिला दिवसातून चारदा वाचावं लागे. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि एका चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी घरी चक्कर मारायचे आणि आई मला दारातच गाठायची. "यांना कुठेतरी कामाला लाव गं. फुकट लाव. पण लाव."

काम आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, चालून आलं. एका सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलवर एक पतंग बसलेला दिसला. अंगठ्याएवढं धड आणि पंख मिळून जेवणाच्या ताटाएवढा पसारा, विटकरी रंगाचा, आणि प्रत्येक पंखात एक पारदर्शक तिकोनी खिडकी. आईने आधी तो कुणाचा तरी रुमाल उडून आलाय असं समजून ओढायला हात घातला. दुपारी पतंग गेला, पण टॉवेलवर डाळीच्या दाण्याएवढी तांबूस अंडी ओळीने चिकटवून गेला. टॉवेल माझा होता, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही.

तळमजल्यावर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहतात. बाबांनी त्यांना वर बोलावलं. बाईंनी टॉवेल बघितला आणि त्यांचा चेहराच उजळला. मोठा रेशमी पतंग आहे, म्हणाल्या, नशीबवान आहात. पंधरा दिवसांच्या आत अळ्या बाहेर येतील.

"खातात काय?" बाबांनी विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न दुसरा कुठला असणार?

"बरंच काही. पेरूचा पाला, लिंबाचा, सीताफळाचा, दालचिनीचा," बाई म्हणाल्या. काही दिवसांनी त्या परीक्षेच्या कामासाठी परगावी गेल्या.

इथे एक चूक झाली आणि ती चूक फक्त माझे बाबाच करू शकले असते. दुसऱ्या कुणी एका झाडाच्या चार फांद्या तोडून आणल्या असत्या आणि विषय संपवला असता. बाबांनी पट्टी घेतली, दोन रंगांची पेनं घेतली आणि फ्रिजच्या दारावर अळ्यांचं आठवड्याचं वेळापत्रक लावलं. सोमवारी पेरू, मंगळवारी लिंबू, बुधवारी सीताफळ, गुरुवारी दालचिनी, मग पुन्हा पहिल्यापासून. रविवारच्या रकान्यात 'मिश्र' असं लिहून खाली रेघ मारलेली होती. एकच एक खाल्लं की पोषण होत नाही, हे ते एकतीस वर्षं सांगत आले होते. आता श्रोते नवीन होते, एवढंच.

अंडी सोमवारी सकाळी फुटली. बाबांना त्यात अळ्यांची शिस्त दिसली. त्यांनी पुढच्या गल्लीतल्या एका कंपाउंडबाहेर लोंबणारी पेरूची फांदी तोडून आणली. ती चोरी नव्हती, कारण रस्त्यावर आलेली फांदी सार्वजनिक असते, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. बुटांच्या खोक्यांमध्ये पाला घातला. दाढीच्या खुंटाएवढ्या काळ्या अळ्या त्यावर चढल्या आणि कडेकडेने कुरतडू लागल्या. बाबांनी मोजल्या. एकशे सदतीस. रात्रीपर्यंत ते सगळ्या शेजाऱ्यांना सांगून आले की एकीनेही काही टाकलं नाही.

मंगळवारी पेरू काढून लिंबाचा पाला ठेवला. अळ्या पाल्यावरून उतरल्या आणि खोक्याच्या भिंतींवरून फिरू लागल्या.

"खात नाहीयेत," आई म्हणाली.

"भूक लागली की खातील," बाबा म्हणाले.

बुधवारी सीताफळ. गुरुवारी दालचिनी. गुरुवारी दुपारी मी गेले तेव्हा बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खोकं मांडीवर होतं आणि हातात आईची भुवया कोरायची बारीक चिमटी. मेलेल्या अळ्या एकेक उचलून ते एका कागदावर ठेवत होते. कागद काळा झाला होता.

"तेवीस राहिल्या," ते म्हणाले. "बसल्या गं नुसत्या. तीन दिवस बसून राहिल्या. पण खाल्लं नाही."

एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर असं कुणी केलं नव्हतं. मुलं रडली, चिडली, डोळे मिटून गिळलं, नळाखाली जाऊन ओकली असतील, पण शेवटी सगळ्यांनी खाल्लं होतं. मला त्या क्षणी त्यांना दोन गोष्टी सुनवायच्या होत्या. त्यांचा चेहरा बघून सुनवल्या नाहीत, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

संध्याकाळी बाई परत आल्या आणि वर येऊन त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, बरंच काही खातात म्हणजे कुणी हे खातं, कुणी ते! एकदा जो पाला तोंडाला लागला, तो लागला. दुसरा ठेवलात तर बहुतेक अळ्यांना ते अन्न वाटतच नाही."

"हट्टच म्हणायचा की हा."

"हट्ट कसला? त्यांना जमत नाही."

बाबांनी उठून फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "या तेवीस जगवायच्या." बटाटे किती मागवायचे हे सांगावं त्या आवाजात म्हणाले. पण त्या दिवशी ते स्वतः जेवले नाहीत, हे आईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पेरूची फांदी तोडायला शुक्रवारी ते पुन्हा त्या कंपाउंडपाशी गेले, तर बाहेर आलेल्या सगळ्या फांद्या छाटलेल्या. मी धावत रोपवाटिकेतून पेरूचं कुंडीतलं रोप आणलं. त्यावर औषध मारलेलं होतं. तासाभरात आणखी चार गेल्या. एकोणीस. आता त्या बंगल्याची घंटा वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी बरोबर गेले, कारण बाबांना मागायची सवय नाही. त्यांना वाढायची सवय आहे.

दार उघडलं ते चाळिशीच्या, पोट सुटलेल्या एका माणसाने. खिशाला टेस्टर लावलेला. विजेची कंत्राटं घेणारा, असं दारावरच्या पाटीवरून कळत होतं. त्याने बाबांकडे बघितलं आणि त्याचा हात आपोआप शर्टाच्या बटणांकडे गेला.

"ताटसाहेब!" तो म्हणाला, मग जीभ चावली. "सर. या ना, सर."

तो दोन वर्षं वसतिगृहात होता. बाबांना तो आठवत नव्हता. त्याला बाबा आठवत होते आणि तारखेसकट आठवत होते. आंतरमहाविद्यालयीन टेबल टेनिसची अंतिम फेरी होती. त्याच्या ताटात भोपळ्याची अर्धी भाजी राहिली होती. बाबांनी हनुवटी हलवली. तो बसला. समोरच्या खेळाडूने पाऊण तास वाट बघितली आणि न खेळताच चषक घेऊन गेला. हे सगळं त्याने हसत हसत सांगितलं, पण ज्याला पंचवीस वर्षांपूर्वीची भाजी कुठल्या वाटीत होती हे आठवतं, त्याचं हसणं मी तरी खरं धरत नाही.

बाबांनी पेरूचा पाला मागितला. अळ्यांसाठी, हेही सांगितलं. त्याने डोळे बारीक करून ऐकलं.

"झाड मागे आहे, औषध मारत नाही मी. आज एक फांदी घेऊन जा. पुढे महिनाभर हवा तेवढा पाला न्या," तो म्हणाला. "पण सर, परवा रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं. त्याशिवाय नाही."

बाबा हरखले. घरी जाताना म्हणाले, "बघ, किती आदर आहे अजून मुलांना." बाबांना एवढे लोक घाबरून होते की आदर आणि भीती यांतला फरक त्यांना कुणी कधी दाखवलाच नव्हता.

घरी मी आईला सगळं सांगितलं. आईने हातातली कणीक तशीच ठेवली.

"भोपळा करील का गं तो?"

"करणारच. तेवढ्यासाठी तर बोलावलंय."

"अगं बाई," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "यांना नाही जात भोपळा. अडतीस वर्षं झाली, मी यांना कधी वाढलाच नाही. वासाने मळमळतं यांना."

खानावळीत बाबा सगळ्यात शेवटी, एकटे जेवायचे. घरी आम्ही उठल्यावर जेवायचे. त्यांच्या ताटात काय आहे हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस? चार वाजेपर्यंत बसले होते मी!"

"यांनी शपथ घातली होती," आई म्हणाली. "आणि त्यांच्यासमोर खरं सांगायला मला कुठे जमत होतं?"

मी त्या दिवशी बाबांशी बोलले नाही. ते पाण्याचा हबका मारून फांदी टवटवीत ठेवत होते. त्यांच्या पाठीकडे बघताना मला एकच वाटत होतं: बघतेच रविवारी.

रविवारी साडेबाराला आम्ही कंत्राटदाराच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. त्याची बायको, त्याच्या दोन मुली, तो, बाबा आणि मी. मुली हवं ते घेत होत्या आणि नको ते बाजूला सारत होत्या. बाबांची नजर त्यांच्या ताटांवर जायची आणि परत यायची. मग कंत्राटदार स्वतः उठला, झाकण काढलं आणि बाबांच्या ताटात मोठे दोन डाव भोपळा वाढला. माझ्याही ताटात एक डाव आला. मी तो तिथल्या तिथे संपवला. त्या दिवशी मला दगडही पचला असता.

बाबांनी भात संपवला, डाळ संपवली, काकडी संपवली. भोपळ्याच्या कडेने ताट असं साफ झालं की भाजी अगदी दाखवायला ठेवल्यासारखी दिसू लागली. मुली उठून गेल्या. कंत्राटदाराची बायको हात धुऊन आली. तो मात्र हाताची घडी घालून समोर बसून राहिला. एक वाजला. सव्वा वाजला. पंख्याचा आवाज येत होता. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

बाबांनी एक घास उचलला. तोंडापर्यंत नेला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. घास परत ताटात आला. दुसऱ्यांदा उचलला, दुसऱ्यांदा परत आला. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय चाललंय: घरी एकोणीस अळ्यांखालची शुक्रवारची पानं वाळायला लागली होती. आणि मला अचानक मजा येईनाशी झाली. ती केव्हा थांबली ते मला कळलं नाही, पण थांबली, आणि मला स्वतःचाच राग आला.

"मला हे जात नाही," बाबा म्हणाले.

"काय?" कंत्राटदाराने विचारलं. त्याला ऐकू आलं होतं.

"भोपळा. मला जात नाही. लहानपणापासून."

"मग आम्हाला का..."

"मला वाटायचं," बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मला जमलं नाही, तुम्हाला तरी जमावं. सवय लागली की जात असेल, असं वाटायचं. मला वाटलं, मी एकटाच असा आहे."

कंत्राटदाराने पंचवीस वर्षं मनात भाषण तयार ठेवलं असणार. ते सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलेलं दिसलं आणि मग कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"उठा सर," शेवटी तो म्हणाला. "माझ्या घरात जेवणासाठी कुणाला बसवून ठेवत नाहीत."

त्याच्या बायकोने ताट उचललं. बाबा उठता उठता थांबले आणि ते ताट कचऱ्याच्या डब्यात रिकामं होताना बघत राहिले. तेवढं बघणं त्यांना भोपळा खाण्यापेक्षा जड गेलं असावं. कंत्राटदार शिडी घेऊन मागे गेला आणि वायर कापायच्या कटरने त्याने एवढ्या फांद्या कापल्या की आम्हाला रिक्षा करावी लागली.

त्यानंतर तो दर चार दिवसांनी स्वतःच पाला आणून द्यायचा. आत यायचा नाही, दारातूनच विचारायचा, "किती आहेत?" अळ्या वाढल्या, आधी पांढऱ्या, मग फिकट हिरव्या आणि अंगावर पीठ भुरभुरल्यासारख्या, बोटाएवढ्या जाड. घरात शांतता असली की त्यांच्या खाण्याचा आवाज यायचा. बाबा तो आवाज ऐकायला रेडिओ बंद करायचे. त्यांनी अळ्यांना रोज पेरू घातला. सोमवारी पेरू, मंगळवारी पेरू, रविवारी पेरू. दोन अळ्या कुठल्याशा रोगाने गेल्या, उरलेल्या सतरा जणींनी पानं गुंडाळून तपकिरी कोष विणले आणि घरातला आवाज बंद झाला. मग महिनाभर बाबा बंद कोषांसमोरून फेऱ्या मारत राहिले आणि आईचे डबे सुखात राहिले.

पहिला पतंग बाहेर आला तेव्हा मी नेमकी घरी होते. ओला, चुरगळलेला, कोषाला लटकून होता. तासाभरात पंख ताणले गेले आणि खोलीची ती बाजूच विटकरी झाली. बाबांची तयारी आधीपासून होती. तीन बशा. एकीत साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस, दुसरीत केळ्याचे काप, तिसरीत पेरूची कोवळी पानं. "यातलं जे जाईल ते," ते मला म्हणाले, आणि आपण केवढी मोकळीक देतोय याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

बाई वर आल्या. त्यांनी पतंग बघितला, मग बशा बघितल्या.

"हे काय? त्यांना तोंडच नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे खाता येईल असं तोंडच नाही. अळी असताना खाल्लं, तेवढ्यावर आठवडाभर जगतील. जोडीदार शोधतील, अंडी घालतील, संपतील."

बाबांचा विश्वास बसेना. मी पिशवीतून दुकानातलं भिंग काढून दिलं. त्यांनी पतंगाच्या तोंडावर ते धरलं आणि पुष्कळ वेळ बघितलं. डोळे होते, पिसासारख्या मिशा होत्या, त्यांच्या खाली काही नव्हतं.

"मग आता मी यांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. एखाद्या लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, आणि मला गलबलून आलं. कुणाशी प्रेमाने वागायचं म्हणजे त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचं आणि ते संपेपर्यंत पहारा करायचा, एवढंच या माणसाला येत होतं.

"काही करायचं नाही," बाई म्हणाल्या. "बघायचं."

बाई खाली गेल्या. बाबांनी तिन्ही बशा उचलल्या, आत नेऊन ठेवल्या आणि रिकाम्या हाताने परत आले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आधी मागे बांधले, मग खिशात घातले. शेवटी त्यांनी एक खुर्ची ओढली आणि मग दुसरी, तिच्याशेजारी.

"घाई आहे तुला?"

"चारला दुकान उघडायचंय."

"मग बस थोडी."

मी बसले. पतंगाने एकदा पंख मिटले आणि उघडले. आतून आईने आवाज दिला, "अहो, तिला काही खायला देऊ का?"

"तिला विचार," बाबा म्हणाले.

माझ्या उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. एवढ्याशा दोन शब्दांसाठी इतकी वर्षं वाट बघितली, म्हणून रागही आला.

"मला नको," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले.